खलील नस्रानी : चार्ल्स डाउटीची गोष्ट

चार्ल्स मॉन्टेग्यू डाउटी हे नाव मी दुसऱ्या वर्षाला असताना ऐकलं, आणि तेही दुसऱ्याच माणसामुळे. वर्गात प्रवासवर्णन हा प्रकार चालू होता. बोलता बोलता गाडी लॉरेन्स ऑफ अरेबियावर गेली. सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिलेला, त्यामुळे वर्ग जागा झाला. तेव्हा आमच्या मॅडम जाता जाता म्हणाल्या, की हा लॉरेन्स ज्याला गुरू मानायचा त्याचं पुस्तक तुमच्यापैकी कुणी पूर्ण करेल असं मला वाटत नाही. मी ते आव्हान समजले. पूर्ण करायला मला एक सेमिस्टर आणि एक सुट्टी लागली. मित्रमैत्रिणींनो, मॅडमचं फारसं चुकलं नव्हतं. पुस्तक खरंच जड आहे. पण त्या पुस्तकाने मला माझीच एक गोष्ट आठवायला लावली, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती शेवटी सांगते. आधी डाउटी.

त्याचा जन्म 19 ऑगस्ट 1843 चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात. वडील पाद्री होते आणि जमीनदारही. बाळ इतकं अशक्त होतं की ते जगणार नाही असं समजून वडिलांनी घाईघाईने त्याचा बाप्तिस्मा उरकला. बाळ जगलं, पण आई थोड्याच महिन्यांत गेली. सहा वर्षांचा असताना वडीलही गेले. मग काकांच्या घरी तो वाढला. मुलाचं स्वप्न एकच, नौदलात जायचं. पण त्याच्या बोलण्यात थोडा अडखळा होता आणि तेवढ्यावरून नौदलाने त्याला नाकारलं. ही सल त्याला आयुष्यभर राहिली. देशासाठी काहीतरी करायचं, हे मनात घट्ट बसलं ते तेव्हापासून.

पुढे केंब्रिजला तो भूगर्भशास्त्र शिकला. नॉर्वेतल्या हिमनद्यांवर जाऊन मोजमापं घेतली, त्यावर निबंध लिहिला. पण मन मात्र जुन्या इंग्रजी कवींमध्ये अडकलेलं. चॉसर आणि स्पेन्सर हे त्याचे देव. त्याला वाटायचं की त्यांच्यानंतर इंग्रजी भाषा बिघडत गेली आणि ती पुन्हा शुद्ध करणं हेच आपलं काम. आपल्याकडेही मराठीबद्दल असं बोलणारी मंडळी भेटतात, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. दरम्यान घरची मिळकत बुडाली. 1870 मध्ये, हातात फार थोडे पैसे असताना, तो युरोपात भटकायला निघाला. हॉलंड, इटली, स्पेन, ग्रीस. 1872 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक त्याने जवळून पाहिला. मग पॅलेस्टाइन, इजिप्त, सिनाई. 1875 मध्ये पेट्राचे खडकात कोरलेले अवशेष पाहत असताना त्याला कळलं, की असंच दुसरं एक ठिकाण दक्षिणेला हजच्या वाटेवर आहे. त्याचं नाव मदाइन सालेह. तिथे तोवर कुठल्या युरोपियन अभ्यासकाने जाऊन शिलालेख उतरवून आणले नव्हते.

त्याने मदत मागितली. लंडनच्या विद्वान संस्थांकडून पैसे आले नाहीत. दमास्कसच्या ब्रिटिश वकिलानेही हात झटकले. मग तो दमास्कसमध्येच राहून वर्षभर अरबी शिकला आणि नोव्हेंबर 1876 मध्ये मक्केला जाणाऱ्या हजच्या काफिल्याबरोबर निघाला. सुमारे 6000 माणसं आणि 10000 जनावरं, असा त्याने त्या काफिल्याचा अंदाज दिला आहे. साध्या सीरियन माणसाचे कपडे, थोडी औषधं, देवीच्या लसीचं साहित्य, कपड्यांच्या आत लपवलेलं एक पिस्तूल आणि खोगिराच्या पिशवीत चॉसर. एवढं त्याचं सामान.

त्याने नाव घेतलं खलील. अरबीत खलील म्हणजे मित्र. अब्राहामाला मुसलमान परंपरेत देवाचा खलील म्हणतात, आणि सीरियातले ख्रिस्ती लोकही हे नाव ठेवतात. म्हणजे नाव बदललं, पण त्या नावाआड धर्म लपवला नाही. कोण आहेस असं विचारलं की तो सांगायचा, नस्रानी. नासरेथकराचा माणूस, म्हणजे ख्रिस्ती. पुढची पावणेदोन वर्षं त्याने या एका शब्दाची किंमत मोजली.

इथे थोडं थांबून एका दुसऱ्या माणसाशी तुलना करते, कारण तो आपल्या वाचकांच्या जास्त जवळचा आहे. रिचर्ड बर्टन. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. 1842 मध्ये आला, बडोद्याला राहिला, गुजराती आणि मराठीच्या सरकारी परीक्षा पास झाला. गोव्यावर त्याचं पुस्तक आहे, 1851 चं. हाच बर्टन 1853 मध्ये हिंदुस्थानातून आलेला पठाण हकीम असल्याचं सोंग घेऊन मक्का आणि मदिना पाहून आला आणि जगप्रसिद्ध झाला. त्याचं सोंग बिनचूक होतं. नमाज, खाणंपिणं, बसणं-उठणं सगळं. भाषेच्या विद्यार्थिनीला बर्टनचं कौतुक वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं. पण बर्टन ज्यांच्याबरोबर जेवला, झोपला, त्यांना आपण कुणाला जेवायला घातलं हे त्या वेळी कळलंच नाही. डाउटीच्या यजमानांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटतं, या दोन पुस्तकांतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे.

मदाइन सालेहला तो डिसेंबर 1876 मध्ये पोचला. तिथे यात्रेकरूंच्या पाण्याच्या रक्षणासाठी एक कलआ होती. आपला किल्ला हा शब्द त्याच अरबी शब्दावरून आलेला. काफिला पुढे मक्केला गेला, डाउटी किल्ल्यात थांबला. आसपास वालुकाश्मात कोरलेली शंभरहून जास्त थडगी. स्थानिक श्रद्धा अशी की सालेह पैगंबराचं न ऐकणाऱ्या समूद लोकांची ही घरं, देवाच्या कोपाने ओस पडलेली. म्हणून यात्रेकरू तिथून भरभर पुढे जात. डाउटी मात्र रोज त्या दगडांवर चढून ओल्या कागदाचे ठसे घेत होता. ते लेख नबातियन लोकांचे निघाले, पेट्रा कोरणाऱ्यांचेच, साधारण येशूच्या काळातले. पॅरिसमध्ये रेनाँ या पंडिताच्या देखरेखीखाली ते 1884 मध्ये छापले गेले. आज ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे. 2008 मध्ये, सौदी अरेबियातली पहिली.

हज परत आली तेव्हा ठसे दमास्कसला पाठवून तो सुखरूप घरी जाऊ शकला असता. काम झालं होतं. तो गेला नाही. झैद नावाच्या फकीर टोळीच्या शेखबरोबर तो वाळवंटात शिरला.

खरं पुस्तक इथून सुरू होतं. बकरीच्या केसांचे काळे तंबू. त्यांना अरबीत केसांचं घर असं म्हणतात. ते विणायचे बायकांनी, उभारायचे बायकांनी आणि मुक्काम हलला की उतरवायचेही बायकांनी. पुरुष शेखच्या तंबूत कॉफीभोवती बसलेले. कॉफीच्या बिया भाजायच्या, उखळीत कुटायच्या. ती कुटायची ठेकेदार लय ऐकून शेजारचे पाहुणे आपोआप गोळा होतात. वसंतात उंटिणीचं दूध भरपूर, तोवर सगळे खुशीत. उन्हाळा आला की दूध आटतं आणि मग उपास. डाउटीने बेदुइनांना शूर, दिलदार वाळवंटी राजे वगैरे बनवलेलं नाही. ते बहुतेक वेळ उपाशी असतात, हे तो पुन्हा पुन्हा लिहितो. झैदच्या हिरफा नावाच्या तरुण बायकोबद्दल, तिच्या रुसून माहेरच्या माणसांकडे निघून जाण्याबद्दल तो जे लिहितो ते वाचताना मला आमच्या गल्लीतल्या दोन-तीन जणी आठवल्या.

आणि या सगळ्यात एक नियम. मिठाचा. कुणाच्या तंबूत तुम्ही खाल्लंत किंवा दूध प्यायलात, की ते तुमचं रक्षण करायला बांधले गेले. प्रवासात तर रफीक म्हणजे सोबती हवाच. ज्या टोळीच्या मुलखातून जायचं तिचा एक माणूस बरोबर असला की ती टोळी हात लावत नाही. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, पण ते खाणाऱ्याचं कर्तव्य. तिथे खाऊ घालणाराही मिठाला बांधलेला. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते.

नियम होता म्हणून सगळे पाळत होते असं नाही. किल्ल्याच्या रखवालदाराने त्याची दाढी ओढून त्याला मारलं. रफीक मध्येच सोडून गेले. हाईलला अमीर मोहम्मद इब्न रशीदने आधी नीट चौकशी केली, मग महिनाभराने निघून जायला सांगितलं. खैबरला तुर्की ठाणेदाराने त्याला हेर समजून 1877-78 चा जवळजवळ पूर्ण हिवाळा अडकवून ठेवलं, पुस्तकं आणि कागद जप्त करून मदिनेच्या पाशाकडे पाठवले. पाशाचा हुकूम येईपर्यंत काय होईल याचा भरवसा नव्हता. सुटून पुन्हा हाईलला आला तर आत घेतलं नाही. बुरैदात लोक अंगावर आले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी समजावायचं, अरे, दोन शब्द म्हण, कलमा म्हण, मनात काय ठेवायचं ते ठेव. कित्येकदा हे शत्रू नव्हे तर मित्रच सांगायचे. तो म्हणाला नाही.

कॅथलिक मुलगी म्हणून इथे मला कुणाची आठवण यावी? कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची. पवित्र आठवड्यात ते वाचन दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला पेत्राची कीवच येते, राग येत नाही. शेकोटीजवळ बसलेला भ्यायलेला माणूस. डाउटी म्हणजे पेत्राच्या उलट, असं सुरुवातीला मला वाटलं. पण ते तितकं सोपं नाही. तो काही धर्मप्रचारक नव्हता. कुणाला ख्रिस्ती करायला गेला नव्हता. शिवाय तो हट्टी होता, इस्लामबद्दल त्याने जी कठोर वाक्यं लिहिली आहेत ती आज वाचवत नाहीत. ज्यांच्या घरी आपण खातो त्यांच्या श्रद्धेबद्दल असं लिहिणं मला पटत नाही, आणि तो थोर लेखक आहे म्हणून ते पटवून घ्यायचीही गरज नाही.

मग पुस्तकातून काय उरलं? माझ्या मनात उरली ती दुसरी माणसं. खैबरचा मोहम्मद अन-नजूमी. मदिनेहून आलेला, हाताने कुशल, साधा माणूस. ठाणेदाराच्या भीतीने सगळे दूर राहत होते तेव्हा त्याने या नस्रानीला घरात घेतलं आणि आपल्या ताटातलं त्याला दिलं. डाउटी त्याला अम्म मोहम्मद म्हणतो. अम्म म्हणजे काका. उनैझाचे दोन व्यापारी, अब्दुल्ला अल-खुनैनी आणि अब्दुल्ला अल-बस्साम. त्या गावच्या व्यापाऱ्यांचा व्यवहार बसऱ्यापासून आपल्या मुंबईपर्यंत चालायचा, जग पाहिलेली माणसं ती. गावातल्या कडव्या लोकांनी डाउटीला हाकलून लावायला लावलं, तेव्हा या दोघांनी त्याची बाजू सोडली नाही. त्याला परत आणून गावाबाहेर खजुराच्या बागेत ठेवलं आणि पुढे मक्केच्या दिशेने तूप घेऊन जाणाऱ्या काफिल्याबरोबर त्याच्या जाण्याची सोय केली. यात त्यांचा काहीच फायदा नव्हता, बदनामी मात्र नक्की होती.

शेवटचा प्रसंग मक्केजवळच्या ऐन अझ-झैमा या मुक्कामावरचा. काफिला मक्केकडे वळणार आणि तिथे ख्रिस्ती माणसाला बंदी. सालेम नावाच्या एका माणसाने सुरा काढला. कलमा म्हण नाहीतर मर. डाउटी आजारी, डोळे सुजलेले, अंगात त्राण नाही. तरी नाहीच म्हणाला. त्याला वाचवलं ते महबूब नावाच्या एका वृद्ध हबशी चाकराने, जो मक्केच्या शरीफच्या सेवेत होता. तो मध्ये पडला. वाटेत पुन्हा मारहाण झाली. पिस्तूल कपड्यांखाली सापडलं तेव्हा डाउटीने ते झाडलं नाही, मुठीची बाजू पुढे करून देऊन टाकलं. मला हा क्षण सगळ्या पुस्तकातला सगळ्यात मोठा वाटतो. ताइफला शरीफ हुसेनने त्याला पाहुण्यासारखं वागवलं, लुटलेल्या वस्तू परत द्यायला लावल्या आणि सोबत देऊन जेद्दाला पाठवलं. 2 ऑगस्ट 1878 ला तो जेद्दाला पोचला.

पुढचं आयुष्य टेबलाशी गेलं. जवळजवळ दहा वर्षं तो ते पुस्तक लिहीत होता. एकामागून एक चार प्रकाशकांनी नाकारलं. कारण भाषा. मुद्दाम जुन्या वळणाची, चॉसरच्या काळातल्या शब्दांची, मध्येच अरबी शब्दांनी भरलेली. 1888 मध्ये केंब्रिजच्या विद्यापीठाने ते दोन जाड खंडांत छापलं आणि नुकसान सोसलं. बर्टनने त्यावर परीक्षण लिहिलं. त्याला पुस्तक महत्त्वाचं वाटलं, पण एका इंग्रजाने असा मार आणि अपमान निमूट सोसावा हे काही रुचलं नाही. डाउटी मग कवितेकडे वळला. सहा खंडांचं महाकाव्य लिहिलं, ते फारसं कुणी वाचलं नाही. त्याला स्वतःला वाटायचं की आपण मुख्यतः कवी. लोकांनी मात्र त्याला अरबस्तानचा प्रवासी म्हणूनच लक्षात ठेवलं. 1908 मध्ये संक्षिप्त आवृत्ती निघाली तेव्हा वाचक वाढले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने त्याच्या पुस्तकातून माहिती काढली. विहिरी कुठे, वाटा कुठे, कुठली टोळी कुणाची. ज्या लोकांनी त्याला विश्वासाने पाणी दाखवलं, त्यांच्या त्या पाण्याची माहिती एका साम्राज्याच्या फायलीत गेली. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण डाउटीची गोष्ट सांगायची तर हेही सांगायला हवं. 1921 मध्ये लॉरेन्सच्या प्रस्तावनेसह पूर्ण पुस्तक पुन्हा निघालं. 20 जानेवारी 1926 ला केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्ट गावी तो वारला. पहिल्या दिवशी घाईने बाप्तिस्मा दिलेलं ते अशक्त बाळ 82 वर्षं जगलं.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी इंटर्नशिपसाठी मी दोन महिने दुसऱ्या शहरात होते. खोली मिळेना. दोन ठिकाणी आडनाव ऐकलं आणि खोली अचानक कुणाला तरी दिलेली निघाली. माझं नाव असं आहे की आडनाव गाळलं तर काही कळत नाही, आणि मराठी बेळगावची, म्हणजे अगदी घरगुती. तिसऱ्या ठिकाणी मी आडनाव गाळलं. काकूंनी विचारलं तेव्हा चहा छान झालाय असं काहीतरी म्हणून विषय बदलला. खोली मिळाली. दोन महिने जपमाळ कपाटात कपड्यांखाली होती. रविवारी मिस्साला जाताना मैत्रिणीकडे जाते म्हणायचे. काकू फार चांगल्या होत्या. मला ताप आला तेव्हा रात्री उठून दोनदा पेज करून दिली. निघताना हातावर दही ठेवलं. आणि मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हा मला वाटायचं की मी स्वतःला वाचवलं. खोली हवी होती आणि मला कुणाशी भांडायचं नव्हतं. त्यात आजही मला फार मोठं पाप वाटत नाही. नाव सांगितल्यावर दार बंद होतं हा दोष नाव सांगणाऱ्याचा नाही. पण अम्म मोहम्मदबद्दल वाचताना कळलं, की मी काकूंचं काहीतरी काढून घेतलं होतं. पहिल्या दोन दारांवरून मी तिसऱ्या दाराचा निकाल आधीच लावून टाकला. काकू कशा वागल्या असत्या, हे त्यांना कधी दाखवताच आलं नाही. ती पेज त्यांनी कुणाला दिली हे त्यांना माहीतच नाही. डाउटीने हट्टाने का होईना, समोरच्या प्रत्येकाला खरं सांगितलं. त्यामुळेच कोण झैद, कोण सालेम, कोण अम्म मोहम्मद हे त्याला कळलं, आणि आज आपल्यालाही कळतं.

मी डाउटी नाही. सुरा घेऊन कुणी उभं राहिलं तर मी काय करेन हे मी इथे फुशारकीने लिहिणार नाही. पण काकूंचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. हा अंक निघाला की त्यांना त्याची लिंक पाठवणार आहे. लेखाखाली माझं पूर्ण नाव असेल. त्या काय म्हणतील ते मला माहीत नाही. ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे, आणि तो मी त्यांना एक वर्ष उशिरा देते आहे.